डार्क चॉकलेट केव्हा आणि कशाबरोबर खावे

चॉकलेटच्या वडीत कॅडमियम आणि शिसे हे शरीराला घातक धातू किती आहेत हे प्रयोगशाळा सांगते. त्यातले रक्तात किती उतरते हे मात्र पोटातले आम्ल, सोबत खाल्लेले अन्न आणि खाणाऱ्याच्या अंगातला लोहाचा साठा यांवर ठरते. म्हणून वडी पारखून घ्यावी आणि ती खाण्याची वेळही विचारपूर्वक ठरवावी.

कोकोचे झाड कॅडमियम मुळांवाटे जमिनीतून घेते, तर शिसे बहुतांशी काढणीनंतर, बिया उन्हात वाळत असताना धुळीतून लागते. त्यामुळे वेष्टनावर कोकोची टक्केवारी जितकी जास्त, तितका या धातूंचा अंश सहसा जास्त. युरोपीय संघाने 50 टक्क्यांहून अधिक कोको असलेल्या चॉकलेटमध्ये किलोमागे 0.80 मिलिग्रॅम, तर 30 टक्क्यांहून कमी कोकोच्या दुधाच्या चॉकलेटमध्ये 0.10 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली आहे. अगदी मर्यादेवर असलेल्या डार्क चॉकलेटच्या 30 ग्रॅममधून 24 मायक्रोग्रॅम पोटात जाते. युरोपात वजनाच्या किलोमागे आठवड्याला 2.5 मायक्रोग्रॅम एवढे कॅडमियम सहन करण्याजोगे मानतात. म्हणजे 20 किलोच्या मुलाचा आठवड्याचा वाटा अशा दोन वेळच्या खाण्यातच जवळपास संपतो, आणि भात, बटाटा, पालेभाजी यांतून येणारे वेगळेच.

आतडे पोटात गेलेल्या कॅडमियमपैकी जेमतेम 3 ते 5 टक्केच शोषते, मग एवढी धास्ती कशाला, असे कोणी म्हणेल. पण ही मर्यादा शोषण जमेस धरूनच ठरवलेली आहे, तेव्हा तीच सूट दुसऱ्यांदा घेता येत नाही. शिवाय मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे होण्यास 10 ते 30 वर्षे लागतात.

जठरातल्या आम्लात हे धातू विरघळतात. पुढे लहान आतड्यात आम्लता उतरते आणि धान्य-कडधान्यांतले फायटेट (धातूंना बांधून ठेवणारे द्रव्य), चोथा व कॅल्शियम त्यांच्या वाटेत येतात. उपाशीपोटी ही अडवणूक नसल्यामुळे प्रौढांत जेवणासोबत सुमारे 10 टक्के शोषले जाणारे शिसे निम्म्याहूनही अधिक शोषले जाऊ शकते. मुले तर एरवीही जवळपास निम्मे शोषतात. सकाळी शाळेची रिक्षा येण्याच्या घाईत रिकाम्या पोटी मुलाच्या हातावर वडी ठेवू नये.

दूध मात्र जरूर सोबत असावे. कॅल्शियम शिशाच्या शोषणाला आडवे येते आणि कोकोतल्या ऑक्झलेटला, म्हणजे ज्यापासून मुतखडे बनतात त्या द्रव्याला, आतड्यातच बांधून शौचावाटे बाहेर काढते. मुतखड्याची तक्रार असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचे ताजे दूध पिण्याची सवय असलेल्या कोल्हापूरकरांना हे वेगळे शिकवायला नको. दूध सोसत नसेल, तर नाचणीची आंबील घ्यावी.

खरी गुंतागुंत लोहाची आहे. आतड्यात लोह ज्या वाटेने आत जाते, त्याच वाटेने कॅडमियमही शिरते, आणि अंगात लोह कमी असले की शरीर ती वाट अधिक मोकळी करते. म्हणूनच रक्त कमी असलेल्या मुली आणि गरोदर स्त्रिया कॅडमियम जास्त शोषतात. त्यात भर म्हणजे कोकोतली पॉलिफेनॉल द्रव्ये मटकीच्या उसळीतले किंवा माठाच्या भाजीतले लोह शोषू देत नाहीत, आणि दुधातले कॅल्शियमही तेच करते. अशा व्यक्तींनी उसळ-भाकरीच्या जेवणावर लिंबू पिळावे, पण चॉकलेट आणि दूध त्या जेवणाला जोडू नये. ते संध्याकाळी, काही खाणे झाल्यावर घ्यावे. लोहाची गोळी त्यापासून किमान दोन तास दूर ठेवावी. मटणातल्या लोहाला कोकोची फारशी बाधा होत नाही, त्यामुळे रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर चॉकलेटचा एखादा तुकडा खाल्ला तरी चालतो.

कोको पावडर म्हणजे चरबी बरीचशी काढून घेतलेला निव्वळ कोको. मुलाच्या दुधात ती सपाट छोट्या चमच्याहून जास्त घालू नये, आणि रोज तर नकोच.