रेडियन्सचे कमांड-लाइन ऑप्शन: वाड्याच्या माजघरातला उजेड नीट कसा मोजायचा

रेडियन्स (मॉडेलमध्ये उजेड कुठे किती पडतो ते मोजणारा प्रोग्राम) इन्स्टॉल आहे, मॉडेल मीटरमध्ये आहे, ओकॉन्वने ऑक्ट्री (मॉडेलची रेडियन्सला लागणारी फाइल) बनवता येते, एवढं धरून चालतो. नसेल तर आधी ते उरकून या.

ग्रेग वॉर्ड यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम, माऊसने फारसं काही होत नाही, सगळा कारभार टर्मिनलवर, आणि ऑप्शन इतके की नवीन माणूस कुठूनतरी एक लांबलचक ओळ कॉपी करतो, चालवतो, चित्र आलं की खूश. ती ओळ बहुतेक वेळा कुणाच्यातरी मोठ्या काचांच्या ऑफिससाठी लिहिलेली असते. जुन्या नाशकातल्या वाड्याला ती लावली की उत्तर चुकणारच. (खाली ऑप्शन उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा, कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलंय.)

आपलं उदाहरण साधं आहे. मध्ये उघडा चौक, त्याला लागून ओसरी, ओसरीच्या मागे माजघर. माजघराला बाहेरची खिडकी नाही. तिथे टेबलावर किती लक्स (उजेड मोजायचं एकक) येतात, एवढंच शोधायचंय.

सगळ्यात आधी 'आरट्रेस -डिफॉल्ट्स' चालवा (आरट्रेस म्हणजे एकेका बिंदूवरचा उजेड मोजणारी कमांड) आणि जे येतं ते वाचा. खरंच वाचा. -एबीसमोर शून्य दिसेल, म्हणजे तुम्ही काही सांगितलं नाही तर भिंतीवरून उसळणारा उजेड हिशोबातच धरला जात नाही.

मग आकाश. ते बनवणाऱ्या जेनस्कायला जागा सांगितली नाही तर तो सॅन फ्रान्सिस्कोचा सूर्य लावतो, आणि सांगायची तर रेखांश पश्चिमेकडे पॉझिटिव्ह धरतो, म्हणजे आपल्याकडे मायनस. नाशिकसाठी असं:

जेनस्काय १२ २१ १२:३० +एस -ए २० -ओ -७३.८ -एम -८२.५

१२ २१ म्हणजे २१ डिसेंबर, +एस म्हणजे सूर्यासकट निरभ्र आकाश, -ए हा अक्षांश, -ओ हा नाशिकचा रेखांश, -एम आपल्या घड्याळाचा. दोन्हीकडचा मायनस विसरलात तर प्रोग्राम काही बोलत नाही, चित्रही झकास येतं, फक्त सूर्य सुमारे सत्तर मिनिटं पुढे गेलेला असतो. कारण दोन रेखांशांत ८.७ अंशांचं अंतर, अंशाला चार मिनिटं, म्हणजे नाशिकचा सूर्य घड्याळाच्या साधारण पस्तीस मिनिटं मागे असायला हवा आणि तो तेवढाच पुढे जातो. एकाच ठिकाणी विसरलात तर बरं, भरदुपारी रात्र होते आणि चूक लगेच कळते. तपासायची सोपी रीत म्हणजे २१ डिसेंबरला साडेबाराच्या पुढेमागे चौकातली सावली सरळ उत्तरेला पडली पाहिजे, आणि २१ जूनला त्याच सुमारास अगदी छोटी, दक्षिणेला, कारण तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो.

पावसाळी आभाळ हवं असेल तर +एसच्या जागी -सी द्या आणि सोबत कॅपिटल -बी ५५.८६६. याने उघड्यावरचा उजेड बरोबर दहा हजार लक्स होतो (१०००० भागिले १७९, हा रेडियन्सचा वॅटवरून लक्सला जायचा आकडा), मग आतल्या लक्सला शंभरने भागलं की डेलाइट फॅक्टर (बाहेरच्या उजेडाचे किती टक्के आत पोचतात ते) हातात. मी तरी वाड्यांसाठी हेच वापरतो. जेनस्काय फक्त आकाशाचा पॅटर्न देतो, त्यावर ग्लो (उजेड देणारं मटेरियल) आणि सोर्स (अनंत लांब धरलेलं आकाश) आपण लावायचे असतात, ते विसरू नका.

व्ह्यूवर (चित्र कुठून बघायचं त्यावर) वेळ घालवू नका, आरव्ह्यू या प्रीव्ह्यूमध्ये फिरून आवडला तो सेव्ह करा आणि चित्र काढणाऱ्या आरपिक्टला -व्हीएफने द्या.

आता खरी डोकेदुखी, अँबियंटचे, म्हणजे उसळून येणाऱ्या उजेडाचे ऑप्शन. मला सगळ्यात जास्त छळलंय ते यांनी, आणि ऑनलाइन सगळ्यात फालतू सल्ले मिळतात ते पण यांच्याबद्दलच.

-एबी म्हणजे उजेडाने किती उड्या मारायच्या. 'दोन पुरे' असं जिथे तिथे लिहिलेलं असतं. मोठ्या खिडकीच्या खोलीला असतील पुरे. आपल्याकडे आकाशाचा उजेड चौकाच्या फरशीवर पडणार, तिथून ओसरीच्या छताला, तिथून माजघराच्या भिंतीला, मग कुठे टेबलावर. दोनवर माजघर काळं ठिक्कर दिसतं आणि लोक म्हणतात वाडे अंधारेच असतात! सहापासून सुरू करा, एकेक वाढवत जा, टेबलावरचा आकडा हलायचा थांबला की थांबा. भिंती चुन्याने पांढऱ्या असतील तर जास्त उड्या लागतात, काळा दगड उघडा असेल तर कमी, कारण तो बराचसा उजेड खाऊन टाकतो.

-एडी म्हणजे एका बिंदूपासून किती किरण पाठवून चाचपायचं. माजघरातून आकाश दिसलंच तर दाराच्या वर एक चिंचोळी फट दिसते. किरण कमी असतील तर काही बिंदूंचे किरण त्या फटीत जातात आणि काहींचे हुकतात, म्हणून भिंतीवर डाग येतात, ओल आलेल्या भिंतीसारखे. २०४८ द्या, -एएस (उजेड झपाट्याने बदलतो तिथले जादा किरण) ५१२ द्या. किरण दुप्पट केल्याने डाग निम्मे होत नाहीत, निम्मे करायचे तर चौपट किरण लागतात, त्यामुळे उगाच १०००० टाकून रात्रभर मशीन तापवू नका. आणि -एडी वाढवलं की -एलडब्ल्यू (किरण सोडून द्यायची वजनाची मर्यादा) कमी करायचं, एक भागिले -एडी यापेक्षा लहान, २०४८ साठी ०.०००४ ठीक. नाहीतर तुम्ही मागितलेल्या किरणांतले बरेच किरण प्रोग्राम 'वजन कमी' म्हणून मध्येच सोडून देतो.

पण डाग -एडीने जात नसतील तर? तेव्हा -एआर बघा, आणि इथेच भले भले अडकतात. रेडियन्स प्रत्येक बिंदूचा हिशोब नव्याने करत नाही, काही ठिकाणी करतो आणि मधलं अंदाजाने भरतो. हे बिंदू किती जवळ येऊ शकतात त्याचं गणित असं की सीनचा आकार गुणिले -एए (अंदाजात किती चूक चालेल ते) भागिले -एआर (किती बारकाईने बघायचं ते). सीनचा आकार म्हणजे वाड्याचा नाही, ऑक्ट्रीत जे काही आहे त्या सगळ्याचा! वाडा तीस मीटर, -एए ०.१, -एआर ६० असेल तर पाच सेंटीमीटर, उत्तम. आता कुणीतरी चित्र छान दिसावं म्हणून वाड्याखाली एक किलोमीटरची जमीन टाकली, बाकी काही बदललं नाही, तरी हा आकडा दीड मीटरच्या वर जातो. माजघराच्या कोपऱ्याकोपऱ्यात दीड मीटरचा अंदाज चालणार कसा? लोक मग -एडी दुप्पट करत बसतात, वेळ वाढतो, डाग तिथेच.

म्हणून रेंडरच्या आधी 'गेटइन्फो -डी' ऑक्ट्रीवर चालवा, चार आकडे येतात, चौथा तो आकार. तो वाड्यापेक्षा खूप मोठा दिसला तर मॉडेलमध्ये काहीतरी लांब पडलंय, जमीन किंवा एक्सपोर्टमध्ये राहून गेलेलं एखादं झाड. जमीन आजूबाजूच्या घरांपुरतीच ठेवा, लांबची जमीन आकाशासारखीच सोर्स म्हणून लावा, सोर्स या आकारात मोजला जात नाही.

-एव्ही (सगळीकडे सारखा धरलेला जादा उजेड) शून्यच ठेवा. 'अंधार वाटतोय तर ०.५ टाका' हा सल्ला देणाऱ्याचं पुढचं काही वाचू नका, तो उजेड आकाशातून आलेला नाही, तुम्ही हाताने ओतलेला आहे. चित्र मित्रांना दाखवायचं असेल तर टाका, मोजमापासाठी कधीच नाही.

-एएफने अँबियंट फाइल (मोजून झालेला उसळता उजेड साठवणारी) ठेवली की दुसरा रन पटकन होतो. पण भिंतीचा रंग बदलला, दार हललं, आकाश बदललं की ती फाइल डिलीट. नाहीतर जुना उजेड नव्या भिंतींवर दिसतो आणि ऑप्शन तपासून तपासून वेड लागायची पाळी येते.

आता आकडे. ते चित्रातून उचलू नका, आरट्रेस वापरा. प्रत्येक ओळीत सहा आकडे, बिंदूचे तीन आणि दिशेचे तीन, वर बघायचं म्हणजे ० ० १. टेबल ०.७५ वर असेल तर बिंदू ०.७६ वर घ्या, पृष्ठभागावर टेकवू नका. ऑप्शनमध्ये -एच (आकड्यांवरची माहिती न छापण्यासाठी) आणि कॅपिटल -आय (त्याच बिंदूवर पडणारा उजेड मोजण्यासाठी). लहान -आय दिलात तर किरण टेबलावरून निघून वर छताला लागेल आणि छतावर पडणारा उजेड मोजून देईल, आकडे पटण्यासारखे दिसतात म्हणून संशयही येत नाही. येणारे तीन आकडे लाल, हिरवा, निळा. आकडेमोडीच्या आरकॅल्कमध्ये त्यांना ०.२६५, ०.६७० आणि ०.०६५ ने गुणून, बेरीज करून, पुन्हा १७९ ने गुणा, हे लक्स. बिंदू दहा-वीसच असतील तर -एए शून्य करून टाका, मग अंदाजाचा भागच नाही आणि -एआरची कटकटही नाही. पूर्ण चित्राला मात्र हे करू नका, संपता संपणार नाही.

चित्र हवंच असेल तर दुप्पट आकारात काढून पीफिल्टने निम्मं करा, कडा गुळगुळीत येतात. लांब रेंडरला -टी ६० द्या म्हणजे मिनिटामिनिटाला कुठवर आलं ते कळतं. आणि मध्येच लाइट गेली तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, तीच कमांड -आरओ आणि अर्धवट फाइलचं नाव देऊन परत चालवा, उरलेलं तिथून पुढे होतं.