एक भोपळा, चार जेवणं आणि फ्रिजमधलं उरलंसुरलं

लाल भोपळा घरात वाया जातो तो चिरल्यानंतर. अख्खा असताना तो कोरड्या, थंड, हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. मात्र एकदा त्यात सुरी घातली की घड्याळ सुरू होतं. पाव भोपळ्याची भाजी होते, उरलेला तुकडा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जातो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कडा बुळबुळीत झाल्या की कचऱ्यात. त्याच फ्रिजमध्ये वाटीभर भात, दोन चमचे डाळ आणि एक वाळलेला पावही त्याच वाटेवर असतो.

हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवता येतात, असा माझा अनुभव आहे. भोपळा गोड, मऊ आणि पाणीदार असतो, त्यामुळे एकटा खाल्ला तर दोन घासांत कंटाळा येतो. उरलेल्या पदार्थांत नेमकं त्याला हवं असलेलं काहीतरी असतं: खारटपणा, आंबटपणा, तिखटपणा किंवा कुरकुरीतपणा. म्हणून रोज नवी पाककृती शोधत बसू नका. भोपळा एकदाच नीट शिजवून ठेवा आणि मग फ्रिज उघडून त्याला जोडीदार शोधा.

निवडताना आणि चिरताना

दीड किलोचा भोपळा चार जणांना चार वेळा पुरतो. अख्खा घेत असाल तर सालीवर नख दाबून पाहा. नख सहज रुतलं तर तो कोवळा आहे, त्याला गोडी कमी असणार. देठ वाळलेला आणि शाबूत असावा, कारण देठ तुटला असेल तर तिथूनच बुरशी आत शिरते. कापलेली खाप घेताना गराचा रंग गडद आणि कडा कोरड्या आहेत ना, ते बघा.

विळ्या-भोपळ्याचं सख्य मराठीला पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून चिरताना घाई नको. पाटाखाली ओलं फडकं पसरा, म्हणजे पाट सरकणार नाही. आधी बुडाची पातळ चकती कापून भोपळ्याला सपाट बैठक द्या. मग देठाशेजारी सुरीचं टोक खुपसून, सालीवरच्या खाचेच्या रेषेनं सुरी खाली दाबत न्या. सुरी अडकली तर झटका देऊन ओढू नका, मूठ हळूहळू वर-खाली करत मोकळी करा. साल फारच कडक असेल तर मोठ्या खापा मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवून घ्या, साल बरीच नरमते. भाजायचाच असेल तर साल काढायच्या भानगडीतच पडू नका. भाजल्यावर गर चमच्यानं सहज सुटतो.

आता एक गोष्ट, जी मी कधीही चुकवत नाही. कच्च्या गराचा अगदी टोकाएवढा तुकडा जिभेवर ठेवा. तो सपक किंवा किंचित गोड लागला पाहिजे. कडवट लागला तर थुंकून टाका आणि अख्खा भोपळा फेकून द्या. या कुळातल्या फळांत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं जास्त तयार होतात. त्यांनी उलट्या-जुलाब होतात आणि शिजवल्यानं ती जात नाहीत. साखर किंवा मसाला घालून कडूपणा झाकण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नका.

पाणी आटवणं हेच खरं काम

कच्च्या भोपळ्यात वजनाच्या 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. मी कित्येक वर्षं तो कुकरमध्ये वर आणखी पाणी घालून शिजवत असे आणि सूप पांचट का होतं, कटलेट तव्यावर का पसरतात, हे कळत नसे. पाककृतीत काही चुकलेलं नव्हतं, भोपळ्यातलं पाणी जागच्या जागी होतं एवढंच. हे पाणी उडालं की गोडी दाटते, रंग गडद होतो आणि गर कशातही मिसळायला तयार होतो.

ओव्हन असेल तर तो 200 अंश सेल्सिअसला तापवा. भोपळ्याच्या मोठ्या खापांना तेलाचा हात लावून त्या ट्रेमध्ये एकमेकींना न चिकटता मांडा. 40 ते 50 मिनिटं लागतात. सुरी लोण्यात जावी तशी आत गेली आणि कडांवर तपकिरी डाग दिसले की झालं.

ओव्हन नसेल तर पसरट कढई घ्या. सोललेल्या भोपळ्याच्या दोन-अडीच सेंटीमीटरच्या फोडी करा. टेबलचमचाभर तेल तापवून फोडी एका थरात पसरा, झाकण ठेवू नका. पहिली चार-पाच मिनिटं हात लावू नका, खालची बाजू लालसर होऊ द्या. मीठ आत्ता घालायचं नाही, कारण मिठानं पाणी सुटतं आणि फोडी परतल्या जाण्याऐवजी त्यातच शिजत राहतात. दोन्ही बाजूंना रंग आला की आच मंद करून झाकण ठेवा आणि सात-आठ मिनिटं वाफ द्या. मीठ शेवटी. तेल थोडं का होईना, वापराच: भोपळ्याला केशरी रंग देणारं बीटा-कॅरोटीन चरबीत विरघळतं, त्यामुळे स्निग्ध पदार्थ सोबत असेल तरच शरीर ते नीट शोषून घेतं.

आता अर्ध्या फोडी तशाच बाजूला ठेवा आणि अर्ध्या घोटून त्यांचा गर करा. गर पातळ वाटला तर जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर हलवत राहा. कालथा तळावरून ओढल्यावर मागे पातेल्याचा तळ दिसावा आणि गर लगेच धावत येऊन ती वाट बुजवू नये. एवढा आटला की थांबा. शेवटी शेवटी तो जाड फुगे सोडतो आणि थेंब अंगावर उडतात, तेव्हा लांब दांड्याचा कालथा घ्या.

फ्रिजमध्ये हे दोन्ही तीन-चार दिवस चांगलं राहतं. जास्त असेल तर गर वाटी-वाटीनं पिशव्यांत भरून, चपटा करून फ्रीझरमध्ये ठेवा. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते.

उरलेल्याची पाहणी

फ्रिज उघडा आणि प्रत्येक डबा हातात घेऊन एकच विचारा: हा भोपळ्याला काय देईल? भात, उकडलेला बटाटा, पाव यांच्यात पिष्ट असतं, ते दाटपणा आणि बांधणी देतं. डाळ किंवा कडधान्याची उसळ पोट भरायचं बळ देते. आंबट दही, टोमॅटोची उरलेली ग्रेव्ही, लिंबाची अर्धी फोड गोडी तोडतात. चीजचा वाळलेला तुकडा, लोणच्याचा खार खारटपणा आणतात. दाणे, पावाचा चुरा, तळलेला कांदा दाताखाली येण्यासाठी. या पाच गटांतल्या निदान दोन गोष्टी मिळाल्या तरी जेवण होतं.

इथे भातासाठी थोडं थांबायला हवं, कारण घराघरांत यात निष्काळजीपणा होतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात तासन्तास ओट्यावर राहिला की त्यांची वाढ होते आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानंही नाहीसं होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात लवकर गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच गरम करा. रात्रभर बाहेर राहिलेला भात कितीही चांगला दिसला तरी या पदार्थांत घालू नका. बाकीचं उरलेलंही आतपर्यंत वाफाळेल असं गरम करूनच खावं.

पहिलं जेवण: पावाचं दाट सूप

कांदा आणि दोन-तीन लसूणपाकळ्या तेलात मऊ होईपर्यंत परता. दोन वाट्या भोपळ्याचा गर आणि तीन वाट्या पाणी घाला. भाज्या उकडलेलं पाणी उरलं असेल तर फारच छान. त्यात शिळ्या पावाचा एक तुकडा कुस्करून टाका. वाळलेला पाव पाणी भराभर शोषतो, त्यामुळे मैदा किंवा साय न घालताही सूप दाट होतं. दहा मिनिटं उकळून रवीनं किंवा मिक्सरमध्ये घुसळा. मिक्सर वापरणार असाल तर सूप कोमट होऊ द्या, कडकडीत सूप बंद भांड्यात फिरवलं की वाफेनं झाकण उडतं. मीठ, मिरपूड आणि शेवटी लिंबू. लिंबाआधी एक चमचा चाखा, मग लिंबू पिळून पुन्हा चाखा. हा फरक एकदा जिभेनं टिपला की पुढे प्रमाण विचारावं लागत नाही.

दुसरं: डाळ आणि फोडी

हे दहा मिनिटांचं काम. उरलेली घट्ट डाळ पाण्यानं सैल करून उकळा, वरून मोहरी-लसणाची फोडणी द्या आणि भाजलेल्या फोडी अलगद सोडा. पाच मिनिटं मंद आच पुरे.

कच्च्या फोडी डाळीत शिजवणार असाल तर चिंच किंवा टोमॅटो आधी घालू नका. भाज्यांच्या पेशी पेक्टिन धरून ठेवतं आणि आंबटात ते लवकर सुटत नाही, त्यामुळे फोडी बराच वेळ दडदडीत राहतात. फोडी मऊ झाल्या की मग आंबट. याच गुणाचा उलटा फायदाही आहे: फोडी अख्ख्या राहाव्यात, गिचका होऊ नये असं वाटत असेल तर आंबट आधी घाला.

तिसरं: भाताचे कटलेट

मला सगळ्यात आवडतो तो हा प्रकार, म्हणून थोडं सविस्तर. एक वाटी भोपळ्याचा आटवलेला गर, एक वाटी भात, कोरडी झालेली कुठलीही भाजी अर्धी वाटी, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. भात हातानं चांगला चुरडा, निम्मी शितं तरी मोडली पाहिजेत. मोडलेल्या शितांचं पिष्टच सगळं धरून ठेवतं. आता मूठभर मिश्रण दाबून सोडा. बोटांचे ठसे उमटून तसेच राहिले तर तयार आहे. गोळा हळूहळू बसायला लागला तर पावाचा चुरा किंवा बेसन एक-एक चमचा घालत जा, एकदम ओतू नका, नाहीतर तोंडात पीठ लागतं.

मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. थंड झालं की ते आवळतं आणि वळताना हाताला चिकटत नाही. बोटभर जाडीचे चपटे कटलेट वळून पावाच्या चुऱ्यात घोळवा आणि तापलेल्या तव्यावर थोड्या तेलात मध्यम आचेवर ठेवा. उलटायची घाई हीच इथली मोठी चूक. खालची बाजू भाजली गेली की कटलेट आपणहून तवा सोडतं. उलथणं घातल्यावर ओढ जाणवली तर अजून एक मिनिट द्या.

चौथं: दह्यातलं धिरडं

उरलेला एक वाटी गर, अर्धी वाटी आंबट दही, दीड वाटी कणीक किंवा बेसन, जिरं, मीठ आणि लागेल तसं पाणी. पळीतून सलग धार पडावी इतपत सैल करा. दहा मिनिटं झाकून ठेवलं की पीठ पाणी पिऊन थोडं घट्ट होतं, मग पुन्हा चमचाभर पाणी. भोपळ्याच्या साखरेमुळे धिरडं लवकर करपतं, म्हणून आच नेहमीपेक्षा मंद ठेवा आणि कडा कोरड्या दिसल्यावरच उलटा.

आणि बिया

चिरताना काढलेल्या बिया तंतूंसकट पाण्याच्या मोठ्या भांड्यात टाका आणि बोटांनी चोळा. बिया वर तरंगतात, तंतू सुटून वेगळे होतात. मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळून निथळा आणि ताटात पसरून रात्रभर वाळवा. कागदावर पसरू नका, चिकटून बसतात. दुसऱ्या दिवशी चमचाभर तेलात मंद आचेवर हलवत भाजा. त्या फुगून तडतडायला लागल्या की आच बंद करा, तापलेल्या कढईत उरलेलं भाजणं आपोआप होतं. त्यातल्या मूठभर बिया सुपासाठी राखून ठेवा.