मॉरिशसच्या गणपतीला जाताना: तयारीची यादी

तिकिटाआधी पंचांग उघडा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, आणि पेर लावाल या कॅथलिक धर्मगुरूंच्या समाधीची यात्रा राजधानी पोर्ट लुईजवळच्या सेंत-क्रुआला दरवर्षी ८-९ सप्टेंबरला भरते. म्हणून ६ तारखेला पोहोचा आणि १७ पर्यंत राहा. नुसता गणपती पाहून परतलात तर तिथे वसलेली आपलीच मराठी माणसं भेटल्याचा आनंद मिळेल, पण श्रद्धा त्या मातीत कशी मुरली हे कळायला दोन्ही पाहायला हवं. चतुर्थीच्या सुट्टीची तारीख तिथल्या सरकारी यादीतून तपासा. २०२५ मध्ये आपल्याकडे चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तिथली सुट्टी २८ला.

कागदपत्रांचं फारसं अवघड नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा हातातल्या बॅगेत ठेवा, प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरून घ्या. इंग्लंडसारख्या तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर घ्या. सप्टेंबरात तिथला हिवाळा सरत असतो आणि क्युरपीपच्या पठारावर रिमझिम, गारठा असतो, तेव्हा स्वेटर आणि पातळ रेनकोट हवाच. दूर्वा, तुळशीचं रोप, बी-बियाणं भक्तिभावानेही नेऊ नका. झाडाझुडपांच्या आयातीचे नियम कडक आहेत.

वाचनाला मात्र महिनाभर द्या. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ मध्ये संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यात आले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बरीचशी कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि त्या मानाने थोडी मुंबई बंदरातून. त्यांत आपली कोकणातली. ती जिथे उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. पळालेल्या गुलामांनी ज्याच्या कड्यांत आसरा घेतला तो ल मोर्न डोंगर २००८ पासून. दोन्ही जागा मुक्कामाच्या सुरुवातीलाच पाहा. पेर लावाल १८४१ मध्ये फ्रान्सहून आले ते नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांत काम करायला. आधी डॉक्टर होते, मग धर्मगुरू झाले. त्यांनी त्या लोकांची क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोलीभाषा, शिकून घेतली आणि तिच्यातूनच धर्मशिक्षण दिलं. ९ सप्टेंबर १८६४ ला ते वारले. आज त्यांच्या समाधीवर हिंदू आणि मुसलमानही मेणबत्ती लावतात. आदल्या रात्री माणसं चालत येतात, त्यांच्याबरोबर थोडं तरी चाला. त्यासाठी पायांत रुळलेले बूट हवेत.

उसाच्या मळ्याच्या कडेला कालीमाईची छोटी ठाणी दिसतील, बऱ्याच ठिकाणी सात दगड मांडलेले. मी कोकणातली, मला पाणवठ्यावरच्या साती आसरा आठवल्याशिवाय कशा राहतील? पण लगेच ‘हे तर आपलंच’ म्हणू नये. पूजा कोण करतं, कधी करतं, नवस कशाचा बोलतात, हे आधी विचारावं. या प्रश्नांसाठी एक साधी वही ठेवा. ठाण्यापाशी मोबाइलपेक्षा वही बरी.

भाषेची तयारी सगळ्यांत महत्त्वाची. मराठी तिथे शाळेत शिकवतात, आरती मराठीत होते, पण आरतीच्या आधी आणि नंतर घरात जे बोलणं चालतं ते बहुतेक क्रिओलमध्ये. निदान ‘बोंझूर’, ‘मेरसी’, ‘की मान्येर?’ म्हणजे कसे आहात, आणि ‘एस्की मो कापाव प्रान एन् फोतो?’ म्हणजे फोटो काढू का, एवढं तोंडात बसवा. आणि एक वाक्य घरीच ठेवून जा: ‘अजून मराठी टिकवलीत, कमाल आहे!’ आपण कौतुकाने म्हणतो, पण समोरच्याला ते परीक्षेच्या निकालासारखं लागतं. पाच-सहा पिढ्या झाल्या, १९६८ पासून स्वतंत्र असलेला तो त्यांचा देश आहे. त्यांचा झाकरी नाच आपल्या जाखडीच्या शेजारी ठेवून कुठे चुकलं ते शोधू नका. त्याच बेटावर रावान नावाच्या डफावर सेगा नाचतात, भोजपुरी बायका लग्नात गीत-गवई गातात. त्या सगळ्यांच्या शेजारात झाकरी वाढली आहे, तेव्हा हे तिन्ही जमतील तितके ऐका.

बॅगेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचा तालुक्यांसकट मोठा नकाशा ठेवा. कुणी म्हातारे आजोबा पूर्वजांच्या गावाचं नाव सांगतील, इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं. नकाशावर बोट ठेवून दोघांनी मिळून ते गाव शोधण्यात जी संध्याकाळ जाते तिची बरोबरी कुठल्याच मुलाखतीला नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्यामुळे मालवणकडच्या माणसासमोरही जुन्या कागदात रत्नागिरीच असू शकतं. ‘-कर’वाली आडनावं शोधत बसू नका; बऱ्याच घरांत पणजोबांचं पहिलं नावच आडनाव झालं आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदी जपल्या आहेत. पाहायच्या असतील तर निघण्याआधीच पत्र लिहून वेळ मागा. मात्र ‘तुमचे नातेवाईक शोधून देते’ असं वचन कुणाला देऊ नका. गावाचं नाव वहीत उतरवून आणा, परत आल्यावर तिथे जाऊन देवळाचा, विहिरीचा फोटो पाठवा.

भेटीसाठी लहान मुलांची सोपी मराठी गोष्टींची पुस्तकं आणि दोन-तीन आरतीसंग्रह न्या. उत्सवाच्या दिवसांत अनेक घरांत मांस-मासे शिजत नाहीत, तेव्हा घरी जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा: मी काय आणू, आणि स्वयंपाकाला किती वाजता येऊ?