लातूर-नांदेडकडून सांगलीत आलाय आणि गाडीचं इंजिन बसलंय? मग हे आधी वाचा

कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी लागते, पोरगं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला नाहीतर मिरजेच्या मेडिकलला लागतं, आणि आपल्याकडची मंडळी बाडबिस्तारा घेऊन इकडं येतात, येताना एमएच 24 नाहीतर एमएच 26 पासिंगची दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी पण आणतात. घर लागतं, गॅसचं होतं, शाळेचं होतं, आणि मग एक दिवस मला फोन येतो की दादा, मिस्त्री म्हणतोय इंजिन गेलं, नवीन टाकू का गाडी काढून टाकू? मी पण लातूरकडचाच, विश्रामबागेत राहून आता बरीच वर्षं झाली, त्यामुळं प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो.

पहिलं म्हणजे गडबड करू नका. "इंजान गेलंय की ओ सायेब" हे वाक्य इथले मिस्त्री फार सहज बोलतात. काय गेलं ते विचारा. रिंगा (पिस्टनवरची कडी) गेल्या, हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, त्याच्या खालची पट्टी) गेलं, वॉल्व्ह सील (वॉल्व्हमधून ऑईल आत जाऊ न देणारे) गेले का इंधन फवारणारे नोझलच खराब झालेत, या प्रत्येकाचा खर्च वेगळा आणि काहींना तर इंजिन उतरवायची पण गरज नसते. धुराचा रंग तुम्ही स्वतः बघा. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावर पण येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर बहुतेक हेड गॅस्केट. काळा असेल तर डिझेल-पेट्रोल नीट जळत नाही, एअर फिल्टर आणि नोझल आधी बघायचे. निळा म्हणजे ऑईल जळतंय, पण त्यातही फरक आहे, सकाळी चालू करताना भकभक निळा येऊन बंद होत असेल तर वॉल्व्ह सील, आणि चढाला रेस दिल्यावर मागं निळा ढग सुटत असेल तर रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती सिलिंडरची आतली भिंत.

माझ्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, ते काय करतात तर इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण उघडतात, उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवतात आणि बिडी पेटवून बघत बसतात. झाकण जागेवर बारीक थरथरलं तर म्हणतात चालंल अजून, आणि टुणटुण उड्या मारून खाली पडलं तर "बॅक कॉम्प्रेशन हाय, उतरायला लागंल", म्हणजे पिस्टनच्या बाजूनं दाब खाली गळतोय, इंजिन उतरवावं लागेल. अर्थात एवढ्यावर हजारो रुपये घालायचे नाहीत. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावून घ्या, चारही सिलिंडरचं रीडिंग कागदावर लिहून मागा. पेट्रोल गाडीला साधारण 150 ते 180 पीएसआय असेल आणि चौघांत फार फरक नसेल तर इंजिन ठीक आहे. एखादा खूप खाली असेल तर त्यात चमचाभर ऑईल सोडून परत मोजायला सांगा, आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर वॉल्व्हकडं बघायचं. गेज नाही आणि गाडी सोडून जा म्हणणारा असेल तर दुसरा मिस्त्री बघा, सांगलीत काही कमी नाहीत.

आपल्याकडच्या गाड्यांचं अजून एक. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतायची आपली सवय (2016 ला प्यायचंच पाणी मिरजेहून रेल्वेनं लातूरला येत होतं, तिथं रेडिएटरला कूलंट कोण घालणार). त्या जड पाण्याचा खपला आत बसतो, गाडी तापते, हेड वाकतं आणि मग सगळे म्हणतात इंजिन बसलं. अशा गाडीला आधी रेडिएटर साफ करून थर्मोस्टॅट, वॉटर पंप बघून घ्या, हेड काढायची वेळ आली तर ते प्लेन करून, म्हणजे घासून सपाट करून येतं, तेवढ्यावर भागतं कधीकधी.

आता समजा खरंच रिंगा-बोअर गेलेत. तरी लगेच इंजिनचं काम काढायचं का? मी उलटा प्रश्न विचारतो, गाडी तुम्हाला इथं लागते किती? सांगली-मिरज-कुपवाड हे सगळं सपाट, जवळजवळ. विश्रामबाग ते कुपवाड रोज जायला-यायला ऑईल पिणारी गाडी पण वर्षभर ओढते, दर आठवड्याला डिपस्टिक बघायची आणि डिकीत लिटरभर ऑईल ठेवायचं, पीयूसीला मात्र अडचण येईल हे धरून चाला. पण दर महिन्याला आईवडिलांकडं मंगळवेढा-सोलापूर-तुळजापूर करत जायचं असेल, किंवा सुट्टीत आंबा घाटातून कोकण करायचं असेल, तर तसल्या गाडीवर बायकापोरं घेऊन जाऊ नका, काम करा नाहीतर गाडी बदला.

काम करायचं ठरलं तर माझं मत असं की ब्लॉक (ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनचा मुख्य सांगाडा) चांगला असेल तर तोच बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडे मोठे करून, ओव्हरसाईज पिस्टन टाकून घ्यावा. आपल्याला एक सोय आहे, कोल्हापूरचं उद्यमनगर पन्नासेक किलोमीटरवर आहे, क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, होनिंग यात तिथं पिढ्यानपिढ्या मुरलेली माणसं आहेत, इथले बरेच मिस्त्री अवघड काम तिकडंच पाठवतात. कंपनीचं तयार हाफ इंजिन (पिस्टन-क्रँक बसवून आलेला ब्लॉक) मिळालं तर उत्तम पण महाग पडतं. आणि खर्चाचा आकडा गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जायला लागला तर मी तरी हात आखडता घेईन, त्यात गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी 2022 पासून 5000 झालीये, वर ग्रीन टॅक्स, ते पण त्याच हिशोबात धरा.

भंगारातलं सेकंडहँड इंजिन स्वस्त दिसतं पण इथं त्यात एक गोम आहे, पूर. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 ला परत आलं, कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातली इंजिनं, आणि अख्ख्या गाड्या पण, धुऊन-पुसून बाजारात फिरतात. इंजिन विकत न घेता गाडीच बदलणार असाल तरी सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, सीटच्या रुळात बोट घाला, कार्पेटखाली वास घ्या, गाळ कुठंतरी सापडतोच.

आणि स्वतःची गाडी पण सांभाळा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या बाजूला घर भाड्यानं घेणार असाल तर शेजाऱ्याला विचारा पाणी कुठपर्यंत आलं होतं. पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, पावसाळ्यात इथली माणसं चहासोबत हेच आकडे बोलतात. 40 कडं पाणी सरकलं की गाडी उंचावर नेऊन लावा. बुडालीच तर किल्ली फिरवून बघू नका, सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत विमा कंपनी ते नाकारते, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं.

कागदाचं थोडक्यात. जिल्हा बदलला म्हणून एमएच 24 चं एमएच 10 करायची गरज नाही, आरसीवर पत्ता बदलून घ्या, नियमानं 30 दिवसांत. कर्नाटक-तेलंगणा पासिंग असेल तर मात्र एनओसी आणून इथला नंबर घ्यायला लागतो. इंजिन बोअर केलं तर नंबर तोच राहतो, पण ब्लॉक बदलला की नंबर बदलतो आणि तो आरटीओत आरसीवर चढवावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बघा. जुनं इंजिन घेताना बिल आणि ते ज्या गाडीचं होतं तिची कागदपत्रं मागा, दुकानदार "कशाला लागतंय ओ" म्हणाला की उठा तिथून. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र लागतं, आणि विमा कंपनीला नवा नंबर कळवायचाच, नाहीतर क्लेमच्या वेळी तेवढ्यावरच अडवतात.

काम झालं की जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंग पोत्यात भरून मागून घ्या, तुमचेच आहेत ते. पहिले हजार किलोमीटर 80 च्या खाली, एकाच वेगानं लांब ताणायची नाही आणि चार माणसं भरून चढ नको. हजाराला ऑईल-फिल्टर बदला, हेडचे बोल्ट परत टॉर्क करायचेत का, म्हणजे ठरलेल्या मापानं आवळायचेत का, ते मिस्त्रीला विचारा, सगळ्या गाड्यांना लागत नाही. तोवर गाडी मोकळी करायला सकाळी नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जाऊन या, गावाकडं निघायचं ते ऑईल बदलल्यावर.