फू त्सोंग ऐकायचाय? मग आधी त्याची स्टोरी वाचू नका

चिनी पियानिस्ट म्हटलं की सगळे लांग लांग नाहीतर युजा वांगवर जातात, पण त्यांच्या कितीतरी आधी शांघायचा फू त्सोंग होऊन गेला, तर त्याला ऐकायला सुरुवात कुठून करायची ते सांगतो. अट एकच, विकिपीडिया आधी उघडायचा नाही. मी उघडला होता, मग कित्येक दिवस प्रत्येक सुरात मला रडणंच ऐकू यायचं, जे तिथे नव्हतंच.

पहिलं म्हणजे पोलिश संगीतकार शोपँचे माझुर्का. १९५५ च्या वॉर्सॉच्या शोपँ स्पर्धेत हा तिसरा आला (दुसरा अश्केनाझी होता, पुढे जगप्रसिद्ध झालेला पियानिस्ट, म्हणजे बघा!) आणि माझुर्काचं वेगळं बक्षीस पण यालाच. माझुर्का म्हणजे पोलंडचा तीन मात्रांचा नाच, पण जोर बरेचदा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मात्रेवर पडतो, आणि ती ओढ कागदावर धड लिहिता येत नाही. ओपस १७ (ओपस म्हणजे रचनांच्या संचाचा क्रमांक) मधला चौथा माझुर्का लावा, हेडफोन घाला आणि बोटावर एक-दोन-तीन मोजत बसा. मोजणी चुकणारच, जिथे चुकली तिथे मागे जाऊन परत ऐका, खरी गंमत तिथेच आहे. मग लगेच तोच पीस दुसऱ्या कोणाचा तरी लावा. आणि हो, शेवट अधांतरी सुटतो, फाइल तुटलेली नाही, शोपँनेच तसं लिहिलंय.

मग मोझार्ट, स्कार्लाटी या जुन्या संगीतकारांचं थोडं थोडं.

आता त्याची स्टोरी वाचा. वडील फू लेई, फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचे चिनी अनुवादक आणि भयंकर शिस्तीचे, पोलंडला शिकायला गेलेल्या पोराला लांबलचक पत्रं लिहायचे, संगीत कसं समजून घ्यायचं इथपासून माणसांशी कसं वागायचं इथपर्यंत. १९५८ मध्ये वडिलांवर चीनमध्ये 'उजवे' (म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे विरोधक) असा शिक्का बसला आणि त्याच वर्षाच्या शेवटी हा वॉर्सॉहून थेट लंडनला निघून गेला. १९६६ मध्ये रेड गार्डच्या (माओच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुणांच्या टोळ्या) छळानंतर आईवडील दोघांनी जीव दिला. हा चीनला गेला तो १९७९ मध्येच. ती पत्रं १९८१ ला पुस्तकात आली आणि तिकडे प्रचंड वाचली गेली, पियानोशी काही देणंघेणं नसलेल्यांनीही वाचली. २०२० च्या डिसेंबरमध्ये लंडनला कोविडने गेला.

उतारवयातले व्हिडिओ मात्र सगळ्यात शेवटी, तेव्हा बोटं दुखायची, बोटं उघडी असलेले हातमोजे घालून वाजवायचा, आणि आपलं सगळं लक्ष त्या हातमोज्यांवरच जातं.