पंचावन्नच्या पुढच्यांचा फ्लॅट घेताय? या चुका टाळा

आर्वीत दस्तलेखक म्हणून बसतो. इकडे वावर विकलं की हल्ली पैसा नागपूर-पुण्याच्या 'फक्त ज्येष्ठांसाठी' फ्लॅटात जातो. चुका मात्र दरवेळी त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मालकी आणि राहण्याची परवानगी एकच समजणं. आमच्याकडच्या एका निवृत्त गुरुजींनी चार एकर वावर विकून असा फ्लॅट घेतला. तीन वर्षांत ते गेले. फ्लॅट चाळिशीतल्या मुलाच्या नावावर चढला, पण सामान घेऊन गेला तर गेटवरच अडवला. फाईल माझ्या टेबलावर आपटून म्हणतो, "माह्या बापाचं घर अन् मलेच राहता येत नाही, हे कोणतं शास्त्र, भाऊ?" शास्त्र करारनाम्याच्या एकतिसाव्या पानावर होतं: राहणारा ५५ च्या वरचा, भाडेकरूसुद्धा. खाली गुरुजींची ठसठशीत सही. रिकाम्या फ्लॅटचा मेंटेनन्स पोरगा वर्षभर भरत बसला. गिऱ्हाईक पंचावन्नच्या वरचं पाहिजे, आणि त्या वयात बँक कर्जाची मुदत आखडते. म्हणजे रोख मोजणाराच हवा, आणि तो भाव पाडणारच. शेजारच्या साध्या इमारतीपेक्षा कमी दरानं सौदा झाला.

म्हणून करार हाती आला की लाल पेन्सिलीनं मी आधी चार शब्द शोधतो: वय, वारस, भाडेकरू, हस्तांतरण. "मुहूर्त टळते ना जी" म्हणणाऱ्यांनी दुसरा दस्तलेखक पाहावा.

अमेरिकेतला भाचा तिथल्या अशा वस्त्यांचे भाव सांगेल, त्याचं ऐकू नका. तिथे १९९५ चा कायदा आहे. ५५ ची वस्ती म्हणवायचं तर राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत एक तरी माणूस त्या वयाचा किंवा त्याहून मोठा लागतो. आपल्याकडे वयाच्या अटीची सगळी मदार करारावर आणि सोसायटीच्या उपविधींवर. तिथले भाव इथे कशाला?

अट आली की किंमत पडतेच, असंही नाही. दवाखाना जवळ आणि जेवणाची सोय चांगली असेल तर म्हातारी माणसंच घर शोधत येतात.

ब्रोशरमधला दर म्हणजे भाव नव्हे. त्याच प्रकल्पातल्या पुनर्विक्रीच्या सूची-२, म्हणजे नोंदणी झालेल्या सौद्याचा सरकारी उतारा, काढा. एकही पुनर्विक्री नसेल तर थांबा.

आणि 'ज्येष्ठांसाठी' या पाटीवर जाऊ नका. ज्येष्ठांच्या घरांना दारं ९०० मिलिमीटर रुंद हवीत, असं महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मी लोकांना टेप देऊन पाठवतो. देऊरवाड्याच्या एका काकांनी न्हाणीघराचं दार मोजलं, साडेसातशे भरलं. इसार न देता ते परतले. टेप अजून त्यांच्याकडेच आहे.