बॉनेटचा खरखरीतपणा क्ले बारने कसा घालवला

आमची पांढरी गाडी गेली चार वर्षे रेल्वेमार्गालगतच्या उघड्या जागेत उभी असते. शाम्पूने कितीही धुतली तरी बॉनेटवर नारिंगी ठिपके राहत आणि प्लास्टिकची पातळ पिशवी बोटांवर चढवून हात फिरवला की पृष्ठभाग बारीक सँडपेपरसारखा लागे. रुळांवरून आणि ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण रंगावरच्या पारदर्शक थरात रुतून गंजतात. ते नुसत्या धुण्याने निघत नाहीत, त्यासाठी क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ, मातीसारखी मळता येणारी वडी लागते, हे मला तेव्हा समजले.

सकाळी सावलीत, पत्रा थंड असताना गाडी नीट धुऊन घेतली, कारण सुटी धूळ राहिली तर क्ले तीच रंगावर घासत नेतो. मऊ क्लेचा छोटा तुकडा मळून चपटा केला, दीड-दोन फुटांच्या भागावर त्यासोबत मिळणारा निसरडा द्रव सढळ हाताने फवारला आणि अजिबात जोर न देता तो तुकडा सरळ रेषेत पुढे-मागे फिरवला. सुरुवातीला तो अडखळतो, सरसर आवाज येतो. कण निघाले की अलगद सरकू लागतो. मळकी बाजू घडी घालून आत घेत राहावी. एक तुकडा हातून जमिनीवर पडला, तो मी मोह न धरता फेकून दिला, कारण त्याला चिकटलेली वाळू रंगावर ओरखडे पाडते.

बॉनेट काचेसारखे गुळगुळीत झाले. जुने ओरखडे मात्र तसेच आहेत. ते पॉलिशचे काम. क्लेमुळे आधीचे वॅक्सही निघून जाते, म्हणून त्याच दुपारी त्याचा नवा थर दिला.